आधी आईचं पोट
(प्रस्तावना)

रात्री दोन-अडीचला बाळ उठतं, अंगावर पितं आणि पुन्हा झोपी जातं. त्यानंतर आईला जी भूक लागते ती साधी नसते, हातपाय गळून जावेत अशी असते. घर निजलेलं असतं, एका कुशीत बाळ असतं, टाके ओढत असतात. उठून काही गरम करून खाण्याचं त्राण नसतं. ती तांब्याभर पाणी पिते आणि तशीच पडून राहते. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आठ-पंधरा दिवस असे गेले की ती कोमेजते, चिडते, रडते, आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच पुरत नाही.’ तिचं जेवण पुरतं का, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

घरी भाजलेल्या बिस्किटांचा हा संग्रह त्या भुकेसाठी आहे. बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा डबा, एका हाताने उघडता येईल असा, आणि त्यात डिंक, हळीव, मेथी, खपली गहू, नाचणी, शेंगदाणे, तीळ, जवस घातलेली, तुपात किंवा लोण्यात मळून भाजलेली बिस्किटं. विषय एवढासा वाटतो. पण त्यात आयुर्वेद आहे, आजीचा लाडवांचा डबा आहे, बेकरीची भट्टी आहे, परदेशातून आलेली एक नवी टूम आहे, आणि पुराच्या पाण्यात वेढल्या जाणाऱ्या आमच्या तालुक्याचा अनुभवही आहे. म्हणून पाककृतींकडे वळण्याआधी हा सगळा पट उलगडून पाहायला हवा.

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या नरसोबाच्या वाडीचं नाव निघालं की लोकांना कृष्णा-पंचगंगेचा संगम आठवतो, दत्ताच्या पादुका, औदुंबर, घाटाच्या पायऱ्या आठवतात. परतताना बरोबर घ्यायचे पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदी तर हमखास आठवते. नृसिंह सरस्वतींनी इथे बारा वर्षं वास्तव्य केलं, ही श्रद्धा गावाच्या नावातच आहे. वर्षानुवर्षं हे गाव येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रांधत आलं आहे. दूध आटवण्यात इथला हात धरणारा सापडणं कठीण. मात्र दुकानांच्या फळ्यांवर दिसतं ते वाडीचं बाहेरचं स्वयंपाकघर. आतलं स्वयंपाकघर वेगळं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी तिथे जे शिजतं, भाजलं जातं, कुटलं जातं, ते कधी विक्रीला आलं नाही आणि फारसं लिहिलंही गेलं नाही. संग्रहाच्या संपादिकांनी वाडी, कुरुंदवाड, शिरोळ आणि आसपासच्या घरांतून ते मिळवलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयावरचं बहुतेक लेखन तिथेच घसरतं. बिस्किटाने दूध वाढत नाही. लाडवानेही वाढत नाही. दूध वाढतं ते बाळ पिण्याने. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन स्रवतं, त्याने पान्हा फुटतो. स्तन जितके रिकामे होतील तितकं पुढचं दूध लवकर बनतं, आणि भरलेले राहिले तर शरीर समजतं की मागणी नाही. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून आईला झोप मिळावी या प्रेमापोटी रात्री बाटली देणाऱ्या घरात पुढे दूध कमी होताना दिसतं. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी लावावं, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, आणि वरचं अन्न सुरू झाल्यावरही दोन वर्षं किंवा त्याहून पुढे पाजत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागचं एक कारण हेच. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक ओतून टाकण्याची चाल अजून कुठे कुठे आहे. ती बाळाची पहिली लस फेकून देण्यासारखी आहे.

मग बिस्किटाचं काम काय? आईला खाऊ घालणं. सहा महिन्यांपर्यंतचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते बनवायला आईला नेहमीपेक्षा जास्त इंधन लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे पहिले सहा महिने दिवसाला 600 किलोकॅलरी जास्त आणि पुढचे सहा महिने 520. प्रथिनंही पहिल्या सहा महिन्यांत साधारण सतरा आणि पुढच्या सहा महिन्यांत तेरा ग्रॅम जास्त हवीत. तूप घातलेली, पंचवीस ग्रॅमची दोन बिस्किटं म्हणजे साधारण अडीचशे किलोकॅलरी. सोबत कपभर दूध घेतलं तर जास्तीच्या गरजेतला निम्मा वाटा तिथेच भागतो, आणि तो मध्यरात्री, कोणाला न उठवता. माझ्या मते या बिस्किटांचं सगळं मोल या हिशेबात आहे. त्याहून मोठा दावा करायची गरज नाही.

आईच्या दुधाची आणखी एक गोष्ट फार कमी घरांना ठाऊक असते. आई नीट जेवली नाही तरी दूध सहसा लवकर आटत नाही. शरीर बाळाची बाजू घेतं. दुधातलं कॅल्शियम आईच्या आहारात कमी पडलं तर तिच्या हाडांतून घेतलं जातं. बाळ बाळसं धरतं आणि आई झिजते, आणि बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून कोणाच्या ते लक्षात येत नाही. काही घटक मात्र आईच्या ताटात नसले तर दुधातही कमी पडतात. बी-12 जीवनसत्त्व त्यातलं महत्त्वाचं. शाकाहारी घरांत दूध-दही भरपूर नसेल तर ही उणीव खरी असते आणि ती कुठल्याही बिस्किटाने भरून निघत नाही. दुधातल्या चरबीचा प्रकारही आईच्या खाण्यावर ठरतो. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट आईच्या दुधात उतरते. 2022 च्या जानेवारीपासून आपल्याकडे खाद्यतेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ही चांगली गोष्ट. तरीही बाळंतिणीचं बिस्किट घरच्या तुपात किंवा लोण्यात करावं, यामागे नुसती चव नाही.

आता मागे वळून पाहू. या बिस्किटांत चार धारा येऊन मिळतात, पहिली आयुर्वेदाची. आपल्याकडे या विषयाची सर्वांत जुनी शिस्तबद्ध मांडणी आयुर्वेदात आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेची, म्हणजे बाळंतिणीची, काळजी सांगताना पिंपळी, पिंपळमूळ, चव्य, चित्रक, सुंठ यांच्या चूर्णासह स्नेह द्यावा आणि तो पचल्यावर पातळ पेज द्यावी असा क्रम येतो. आधी स्नेह आणि दीपन, मग हलकं, मग हळूहळू जड. आजही लाडवात तुपाबरोबर सुंठ पडते, ती याच विचाराने. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात दूध उत्पन्न करणाऱ्या दहा वनस्पतींचा गण आहे: वाळा, साळी, साठेसाळी, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट, कत्तृण. जवळजवळ सगळी गवतं आणि गवतवर्गातली धान्यं. मेथी, हळीव, डिंक, शतावरी यांतलं एकही नाव या दहांत नाही. काश्यपसंहितेत तर देश आणि कुळाचार पाहून सूतिकेचे उपचार ठरवावेत असं सांगितलं आहे. म्हणजे ‘हे पूर्वापार असंच आहे’ असं आपण ज्याला म्हणतो, ते पूर्वीही ठिकठिकाणी वेगळं होतं आणि बदलत होतं. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. ओव्हनमध्ये ट्रे सरकवणारी आजची मुलगी परंपरा मोडत नाही, पुढे नेते आहे.

दुसरी धारा घरांची, आणि खरं बळ तिच्यात आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीचं खाणं प्रांताप्रांताला बदलतं. कोकणात ओलं खोबरं घालून हळिवाची खीर आणि नाचणीचं सत्त्व. गोव्याकडे मेथीची पेज. खानदेशात आणि मराठवाड्यात बाजरीची भाकरी, तूप, लसूण. आमच्याकडे दक्षिणेला मेथीचे, हळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, सुकं खोबरं, आणि मटण खाणाऱ्या घरांत अळणी रस्सा. कृष्णेच्या काठाने थोडं खाली बेळगावकडे उतरलं की डिंकाच्या लाडवाचं ‘अंटिन उंडी’ होतं. गुजराती शेजारणीकडे बत्तीस जिनसांचं बत्रीसुं, पंजाबी घरात पंजिरी. सगळीकडे घटकांचा सांगाडा एकच दिसतो: एक धान्य, एक स्निग्ध, एक गोड, एक तेलबी आणि एक कडवट किंवा तिखट औषधी. हा सांगाडा ध्यानात ठेवला की या संग्रहातली कोणतीही कृती कळते आणि आपल्या घरच्या डब्यांतून नवी रचताही येते.

छापील मराठीत ही धारा उशिरा आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं. पण मराठी घराघरात पोचलं ते 1970 साली आलेलं ‘रुचिरा’. कमलाबाई ओगले सांगलीच्या, म्हणजे वाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या. त्यांनी सगळी मापं वाटी आणि चमच्यात दिली, आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना तो आधार झाला. भाजण्याच्या पदार्थांत मात्र वाटी थोडी फसवते. खपलीचं जाडसर पीठ आणि मैदा, दोन्ही एकाच वाटीत मोजले तरी वजन सारखं येत नाही आणि बिस्किट फिसकटतं. म्हणून या पुस्तकात वाटीचं माप आहेच, शेजारी ग्रॅमही दिले आहेत. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी ग्रॅम धरावेत.

तिसरी धारा भट्टीची. नानकटाईचा उगम सुरतेच्या डच बेकऱ्यांत आणि त्या पुढे चालवणाऱ्या पारशी कारागिरांत असल्याचं सांगतात. सुरतेहून मुंबई, मुंबईहून पुणे आणि घाटावरची गावं, असा तिचा प्रवास झाला. पार्ले कंपनीने 1939 मध्ये बिस्किटं करायला सुरुवात केली आणि पुड्यातलं बिस्किट गावोगाव पोचलं. पण कोल्हापूर-सांगली पट्ट्यात दुसरी एक रीत चालू राहिली, तिची आठवण इथे मुद्दाम करायला हवी. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरचं पीठ, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचं. तिथला कारागीर मोठ्या परातीत तूप फेसायचा, त्यात पीठ मिसळायचा. बायका-पोरं ट्रेवर गोळे ठेवायची, आणि तासाभरात पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी यायची. जिन्नस घरचे, विस्तव बेकरीचा. मजुरी किलोवर. घरात तूप कसं आहे ते ठाऊक असायचं, पीठ कुठल्या गिरणीचं तेही. ही रीत अजून काही ठिकाणी टिकून आहे, आणि बाळंतिणीच्या बिस्किटांसाठी ती पुन्हा जागवावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक घरात ओव्हन असायची गरज नाही. गावात एक भली भट्टी असली तरी पुरते.

बाळंतिणीला बेकरीचं काही द्यायचं म्हटलं की आपल्याकडे चहा आणि टोस्ट. दवाखान्याच्या दाराशी हेच विकायला असतं. पचायला हलकं म्हणून देतात आणि देणाऱ्याची माया खरी असते. पण मैदा, साखर आणि चहा यांत बाळंतिणीला लागणारं फार थोडं असतं. त्यातून चहा जेवणाबरोबर घेतला की जेवणातल्या लोहाचं शोषण घटतं. त्या टोस्टची जागा घेणारं काहीतरी हवं होतं, तितकंच सोपं आणि तितकंच टिकाऊ.

चौथी धारा परदेशातली. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत दूध वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कुकीजचा मोठा बाजार उभा राहिला. ओट्स, जवसाची पूड आणि बिअर आंबवताना वापरतात ते यीस्ट वाळवून केलेली पूड, ही त्यातली त्रिमूर्ती. तिकडे राहणाऱ्या मराठी मुलींनी त्या आणल्या, केल्या, आणि इकडे आयांना फोनवर सांगितल्या. बाळंतपणाला गेलेल्या आयांनी तिकडच्या ओव्हनमध्ये पेटीतून नेलेला डिंक आणि हळीव घालून पाहिलं. या देवघेवीतून पुष्कळ चांगलं निघालं. जवस तर आपल्या चटणीत केव्हापासून आहे. ओट्सच्या जागी ज्वारी, नाचणी, खपली चालतात. यीस्टच्या पुडीची कडवट चव इथे कोणाला रुचत नाही आणि ती वगळून काही बिघडतही नाही.

कारण दाव्याची परीक्षा झाली आहे. 2023 मध्ये अमेरिकेत 176 मातांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या मातांना महिनाभर रोज या खास कुकीज दिल्या, निम्म्यांना साध्या. दुधाच्या प्रमाणात फरक पडला नाही. दूध वाढवणाऱ्या तोंडी औषधांचा आणि पदार्थांचा कोक्रेनचा 2020 चा आढावा 41 चाचण्यांचा होता. मेथीसह कशाहीबद्दल खात्रीने बोलावं इतका भक्कम पुरावा त्यातून हाती लागला नाही. हे वाचून कोणी हिरमुसू नये. साध्या कुकीज खाणाऱ्या मातांनाही दूध होतंच. ज्या आईला ‘हे खाल्लंस की दूध येईल’ असं सांगितलं जातं आणि येत नाही, ती स्वतःला दोष देते. त्या दोषातून तिला सोडवणं हे या निष्कर्षांचं मोठं काम आहे. मेथीच्या जास्त मात्रेने रक्तातली साखर उतरते, काही बायकांना दम्याचा त्रास वाढतो. शेंगदाणा-हरभऱ्याची अॅलर्जी असलेल्यांनी तिच्यापासून जपून राहावं. म्हणूनच या संग्रहातल्या कोणत्याही कृतीत मेथी चमच्या-दोन चमच्यांपलीकडे जात नाही.

आजच हा विषय का घ्यावा, याची उत्तरं आमच्या तालुक्यात दाराशी आहेत. एकत्र कुटुंबं आटली. सव्वा महिना करायला माहेरी आई असते, पण तीही नोकरीवर किंवा दुकानात. 2017 च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पण इचलकरंजीच्या मागावर, भाजीच्या मळ्यात, घरकामाला जाणाऱ्या बाईला ती कुठून मिळणार? हंगाम सुरू झाला की शिरोळच्या उसाच्या फडांत मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांत अंगावर पिणारी लेकरं असतात. कोयता चालवून पालावर येणाऱ्या त्या आईला सहाशे किलोकॅलरी जास्त कोण देणार? बदाम-पिस्त्यांची बिस्किटं हे तिचं उत्तर नव्हे. या संग्रहात ज्वारी, शेंगदाणा आणि गुळाचं बिस्किट आहे. त्याला तूपही थोडंच लागतं, आणि ते चुलीवरच्या पातेल्यात होतं. माझ्या लेखी हे या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं पान आहे. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंनी ते उतरवून घ्यावं.

आणि पूर. 2005, 2019, 2021. वाडीच्या मंदिरात उत्तरद्वारातून शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडतं, तेव्हा भाविक त्या सोहळ्याच्या स्नानाला येतात. पाणी त्याहून चढलं की गाव सोडावं लागतं. 2019 चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला, म्हणजे नेमका जागतिक स्तनपान सप्ताहाच्या दिवसांत. हा सप्ताह 1992 पासून 1 ते 7 ऑगस्टला पाळला जातो. छावणीत बाळंतीण असते. तिथे स्वच्छ पाणी नसतं, बाटली उकळायला जागा नसते, आडोसा नसतो. अशा वेळी बाळासाठी सर्वांत सुरक्षित अन्न आईच्या अंगावर असतं, आणि नेमक्या तेव्हाच मदतीच्या गाड्यांतून दुधाच्या भुकटीचे डबे येतात. शिशुदुधाच्या पर्यायांवर आणि बाटल्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा 1992 चा, 2003 मध्ये आणखी कडक केलेला. त्याच्या मागे वर्ध्यात 1991 मध्ये सुरू झालेल्या स्तनपान प्रसाराच्या राष्ट्रीय जाळ्यासारख्या चळवळीचा रेटा होता, आणि मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या, आशियातल्या पहिल्या मातृदुग्धपेढीसारखं काम होतं. महाराष्ट्राने या विषयात देशाला वाट दाखवली आहे. छावणीत भुकटी वाटण्यापेक्षा आईला खायला द्या, पाणी द्या आणि एक पडदा बांधून द्या. घट्ट झाकणाच्या डब्यातली कोरडी बिस्किटं पंधरा-वीस दिवस सहज टिकतात, तापवावी लागत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर तिसरं-चौथं बाळंतपण करणाऱ्या इथल्या अनुभवी बायका आधीच डबा भरून ठेवतात, त्याचं कारण हेच.

आता थोडं भट्टीजवळ जाऊ. लाडवाचा जिन्नस जसाच्या तसा बिस्किटात घातला तर फसतो, आणि हे पुस्तक इथे खरं कामाला येतं. डिंक कच्चा घातला तर ओव्हनच्या कोरड्या आचेत फुलत नाही, दाताला चिकटतो. तो आधी तुपात मंद आचेवर तळायचा, आतपर्यंत फुलून पांढरा झाला की वाटीच्या बुडाने चुरायचा आणि शेवटी मिसळायचा. मेथीची पूड चार-पाच दिवस तुपात भिजत ठेवली की कडवटपणा मवाळ होतो, ही लाडवाचीच युक्ती. त्याच तुपात मग पीठ मळायचं. हळीव दुधात भिजवला तर बुळबुळीत होऊन फुगतो. त्याने बिस्किट मऊ राहतं पण दोन दिवसांतच संपवावं लागतं. टिकवायचं असेल तर हळीव कोरडा भाजून घालावा. खारकेची पूड जास्त झाली की बिस्किट दगडासारखं होतं. कोल्हापुरी गूळ चिरून घालताना एक ध्यानात ठेवायचं, की गुळाचं बिस्किट साखरेपेक्षा लवकर रंग धरतं. 160 अंशांवर अठरा-वीस मिनिटांत कडा तांबूस झाल्या की बाहेर काढायचं. हाताला मऊ लागतं, कच्चं वाटतं, म्हणून पुन्हा आत ढकलायचा मोह होतो. तसं करू नये. दहा मिनिटांत निवताना ते आपोआप खुसखुशीत होतं.

खपलीविषयी दोन शब्द. हा जोड गहू कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यात फार जुन्या काळापासून पिकतो. दाण्याला टरफल घट्ट धरून असतं, ते कांडून काढावं लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं एम.ए.सी.एस. 2971 हे वाण दिलं आहे. यातलं ग्लुटेन दुबळं असल्याने पाव नीट फुगत नाही, पण बिस्किटाला तेच पथ्यावर पडतं: चिवटपणा येत नाही. मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवावं, म्हणजे रवाळ पीठ तूप पिऊन घेतं. वर भेगा पडतात, त्या पडू द्याव्यात. मात्र खपलीत ग्लुटेनच नसतं ही समजूत चुकीची आहे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना खपलीही वर्ज्य आहे. त्यांच्यासाठी नाचणी आणि ज्वारीच्या कृती वेगळ्या दिल्या आहेत.

संग्रहाच्या मर्यादाही सांगाव्यात. यात अंडं नाही, कारण ज्या घरांतून हे गोळा झालं तिथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत अंडं शिजत नाही. कृती आचेप्रमाणे रचल्या आहेत: ओव्हनच्या, मीठ घालून तापवलेल्या जाड पातेल्याच्या आणि बेकरीच्या भट्टीच्या. त्यामुळे आपल्याकडे काय आहे ते पाहून पान उघडता येतं. वाडीच्या खव्याची बिस्किटंही आहेत, पण ती ताजी खाण्याची. काही रूढींना संपादिकांनी स्पष्ट विरोध केला आहे आणि मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. बाळंतिणीला पाणी कमी देणं, पालेभाज्या आणि फळं बंद करणं याला काही आधार नाही. बिस्किट हे भाजी-भाकरी, वरण, दूध, अंडी-मासे यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. हे आईचं खाणं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचा चुराही चाटवू नये, मधही नाही आणि गुटीही नाही. बचत गटांनी किंवा एकट्या बाईने ही बिस्किटं जरूर विकावीत, त्यासाठी अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करावी, आणि डब्यावर जिन्नस लिहावेत, ‘दूध वाढवणारं’ असं लिहू नये.

वाचकांना शेवटची विनंती. घरात बाळंतीण असेल तर पहिला ट्रे लावण्याआधी तिला काय आवडतं ते विचारा. तिला मधुमेह, थायरॉइड किंवा रक्तदाब असेल, तर जिन्नसांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून निदान सहा वेळा लघवी करत नसेल, दोन आठवडे उलटूनही जन्माच्या वजनाला पोचलं नसेल, तर काही भाजत बसू नका. आई आणि बाळ दोघांना घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.